चारशे वर्षं जगणाऱ्या पात्राकडे पैसा टिकेल कसा?

तुमच्या कादंबरीतला नायक चारशे वर्षं जगतोय आणि "सुरुवातीला थोडी रक्कम व्याजाने ठेवली, ती वाढत गेली" एवढं कारण वाचकांना पटेल का, असं तुम्ही विचारलंय. मला तरी पटणार नाही. मी बरीच वर्षं मृत्युपत्रं आणि वारसनोंदींच्या कागदांत काम करते आहे, आणि अमर पात्रांच्या कथा मिळतील तिथून वाचते. बहुतेक कथांत पैशाची बाजू दोन ओळींत उरकलेली असते. दर वेळी हळहळ वाटते, कारण त्यातच एक अख्खी गोष्ट दडलेली असते.

हिशोब वरवर सोपा आहे. महागाई वगळून वर्षाला ३ टक्के धरले, तर चारशे वर्षांत एका नाण्याची सुमारे १ लाख ३६ हजार नाणी होतात. फक्त त्यात देणेकरीही चारशे वर्षं जगला असं आपण न बोलता धरून चालतो. नायक मरत नसेल, पण पेढ्या बुडतात, राज्यं जातात, चलनं रद्द होतात.

आणि समजा देणेकरी टिकलाच, तर? १६४८ साली नेदरलँड्समध्ये लेक नदीचा बांध सांभाळणाऱ्या मंडळाने १,००० गिल्डरचा एक रोखा काढला. बकरीच्या कातड्यावर लिहिलेला, मुदत नसलेला, ज्याच्या हाती असेल त्याला व्याज देणारा. येल विद्यापीठाने तो २००३ साली जुना दस्तऐवज म्हणून सुमारे २४,००० युरोंना विकत घेतला. २०१५ साली बारा वर्षांचं थकलेलं व्याज वसूल केलं, ते भरलं १३६.२० युरो. म्हणजे वर्षाला अकरा युरोंच्या आसपास! नाव न विचारणारा असा रोखा तुमच्या नायकाच्या सोयीचा खरा, पण त्यावर तो जगू शकणार नाही.

मग त्याने कमवावं कसं? मला सगळ्यात आवडतो तो मार्ग म्हणजे तहहयात वर्षासन. एकदाच रक्कम भरायची आणि जिवंत असेपर्यंत दरवर्षी पैसे घ्यायचे. देणारा तुमच्या मरणावर भिस्त ठेवून असतो, आणि इथे मरण येतच नाही. १७७० च्या दशकात फ्रान्सचं सरकार अशी वर्षासनं विकत होतं आणि वय कितीही असलं तरी भाव जवळपास एकच होता. जिनिव्हाच्या पेढीवाल्यांनी हे बरोबर हेरलं. त्यांनी सुखवस्तू घरांतल्या, देवीच्या आजारातून वाचलेल्या लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या आयुष्यावर वर्षासनं घेतली. मुली जगतील तोवर पैसे गुंतवणूकदारांना. अंदाज चुकला नाही, त्या मुली भरपूर जगल्या. पण १७८९ साली क्रांती झाली, वर्षासनं दिवसेंदिवस मोल घसरणाऱ्या कागदी चलनात मिळू लागली आणि १७९७ साली सरकारने आपल्या कर्जाचा दोन तृतीयांश भाग बुडवला. मुली होत्या, देणारं राज्यच गेलं. तुमच्या नायकाला या फेऱ्यातून एकदा तरी जाऊ द्या. चारशे वर्षांत तो दोन-तीनदा कफल्लक झालाच पाहिजे.

याच प्रकारातलं अलीकडचं उदाहरण झान काल्माँ या फ्रेंच बाईंचं. १९६५ साली, नव्वदीत, त्यांनी आपला फ्लॅट एका नोटरीला दिला: दरमहा २,५०० फ्रँक त्यांना आणि त्यांच्या पश्चात घर त्याला. तो १९९५ साली वारला, बाई १९९७ साली. त्याच्या विधवेनेही हप्ते भरले आणि एकूण रक्कम घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झाली. बाई १२२ वर्षं जगल्या, आणि नोंदींत सिद्ध झालेलं सर्वांत मोठं वय आजही तेच आहे. तुमच्या नायकाचं कागदावरचं वय याच्या जवळपास गेलं की संशय आलाच.

म्हणून त्याला अधूनमधून कागदोपत्री मरावं लागेल, आणि मरण महाग असतं. ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेच्या वरच्या मालमत्तेवर आज ४० टक्के वारसाकर आहे. सूट धरली नाही तर अशा चार मरणांत शंभरातले तेरा उरतात. विश्वस्तनिधी केला तर? इंग्लंडच्या जुन्या कायद्यात निधी कायमचा बांधून ठेवता येत नसे. त्या वेळी हयात असलेल्या एखाद्याचं आयुष्य आणि वर २१ वर्षं, एवढीच मुभा. नायकाने स्वतःचंच आयुष्य मोजमापाला धरलं, तर मुदत कधीच भरणार नाही. यावर एक सुंदर प्रकरण होईल. फक्त आपण जिवंत आहोत हे न्यायालयात सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येता कामा नये.

निधी चालवायला माणसं लागतात, आणि नायकाची खरी गुंतवणूक तीच. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारले, तेव्हा त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी १,००० पौंड ठेवले, तरुण कारागिरांना कर्जाने द्यायला, दोनशे वर्षांसाठी. रक्कम तीच, अटी त्याच. १९९० च्या सुमारास बॉस्टनकडे ५० लाख डॉलरच्या आसपास होते, फिलाडेल्फियाकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. फरक पडला तो पैसा कोणी कसा सांभाळला यामुळे.

म्हणून नायकाला एक घराणं द्या, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वह्या सांभाळणारं. त्यांना गुपित माहीत असावं की नसावं, हे तुम्ही ठरवा. मी असते तर नसावं असं लिहिलं असतं. माझ्या कामात सह्या ताडून पाहाव्या लागतात. म्हातारपणी सही थरथरते, अक्षरं खाली उतरत जातात. मुलाने बापाची लकब कितीही गिरवली, तरी पेन उचलण्याची जागा बदलते. त्या घराण्यातली विशीतली मुलगी पहिल्यांदाच जुनी वही उघडते. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन सह्या. तिन्हींत शेवटच्या अक्षराआधी पेन नेमकं त्याच जागी उचललेलं आहे, आणि एकही सही थरथरलेली नाही. बाहेरच्या खोलीत "नातू" नव्या कागदावर सही करायला थांबलेला आहे.