समाधान 'वाटतं' की 'मानतो'?

विचारणा अशी आहे: अंधेरीच्या एका ऑफिसात कर्मचाऱ्यांसाठी पत्रक काढायचं आहे. 'टिकणारा हॅपिनेस आणि सॅटिस्फॅक्शन माइंडसेटवर ठरतात' हे मराठीत कसं लिहायचं? मसुद्यात 'समाधान' लिहिलं, तर हिंदीभाषक सहकाऱ्याने त्याचा अर्थ 'तोडगा' असा घेतला. शब्द चुकला का?

नाही. सम् + आ + धा, म्हणजे नीट जुळवून ठेवणं. 'समाधी' याच धातूची. हिंदीत जुळणी अडचणीची झाली, मराठीत मनाची. जुना अर्थ आपल्याकडे 'शंकासमाधान'मध्ये शिल्लक आहेच. त्या सहकाऱ्यासाठी 'संतुष्ट' करू नका. मराठी वर्तमानपत्रांनी तो शब्द नाराज आमदारांना देऊन टाकला आहे, तोही नकारार्थी रूपात.

खरी मेख क्रियापदात आहे. 'मला समाधान वाटतं', 'मला आनंद होतो' यांत भावना आपणहून येते, माणूस फक्त 'मला'पुरता. 'मी समाधान मानतो' म्हटलं की माणूस कर्ता होतो. विरार लोकलमध्ये खिडकी मिळाली तर समाधान वाटतं, चौथ्या सीटवर ते मानावं लागतं. म्हणूनच 'मानणे'ला पदरी पडलं ते पवित्र करून घेण्याची छटा आहे. पत्रकात 'समाधान माना' छापलंत, तर यंदा पगारवाढ नाही असंच लोक वाचतील.

'घेणे' जोडलं की आणखी गंमत होते. 'मला वाईट वाटलं' यात माझा इलाज नाही, पण 'तू वाईट वाटून घेऊ नकोस' यात तुझा आहे. 'मनाला लावून घेणं', 'गोड मानून घेणं' त्याच घरातले. माइंडसेटबद्दल पत्रकाला जे सांगायचं आहे, ते मराठी या 'घेणे'त सांगून मोकळी होते.

मानसशास्त्रातही हा भेद आहे. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या जीवन-समाधानाच्या मापनात पाच विधानं असतात. प्रत्येकाला १ ते ७ गुण, एकूण ५ ते ३५. त्यात क्षणाची खुशी मोजत नाहीत, आयुष्याकडे पाहून माणूस स्वतः काय निवाडा देतो ते मोजतात. अशा विधानाचं 'मी माझ्या आयुष्याने संतुष्ट आहे' हे भाषांतर हिंदीच्या वळणाचं. 'माझ्या आयुष्याबद्दल मी समाधानी आहे' हे मराठी. इथे 'समाधान मानतो' लिहिलं तर तडजोडीचा सूर येईल आणि उत्तर देणाऱ्याचे गुण बदलू शकतील. नव्या सुखाची सवय होऊन ते फिकं पडतं, त्याला तर आपल्याकडे तयार शब्द आहे: अंगवळणी पडणं.

राहिला माइंडसेट. 'मानसिकता' बहुधा दोष दाखवायला येतो (सरंजामी मानसिकता), नाहीतर 'आज खेळायची मानसिकता नव्हती' असा मूडपुरता. मूडला 'मनःस्थिती' पुरे. बराच काळ टिकणाऱ्या घडणीला 'वृत्ती'च हवा. 'दृष्टिकोन' चालेल, पण तो एका विषयापुरता वाटतो. 'टिकाऊ' चपलेसाठी ठेवा, आणि 'शाश्वत' म्हटलं की कीर्तन तरी आठवतं किंवा शाश्वत विकास.

पत्रकात लिहा: 'सुख किती टिकेल आणि आपण किती समाधानी राहू, हे बरंचसं आपल्या वृत्तीवर असतं.' 'बरंचसं' मात्र काढू नका. पगार आणि प्रवासाचे तास वृत्तीत मोडत नाहीत.