पसंतीक्रमात दापोली वर टाकू का?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीची. बारावी विज्ञान झालं, सीईटी दिली. बीएस्सी कृषी करायचं हे पक्कं आहे. संगमेश्वर तालुक्यात आजोबांची थोडी वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची, जमीन पडून आहे, तिचं काहीतरी करावं असं मला फार वाटतं. गेल्या वर्षीची यादी पाहता दापोलीचं सरकारी कॉलेज मिळू शकेल. दुसरा पर्याय म्हणजे घरापासून दीड तासावरचं, दापोलीच्याच विद्यापीठाशी संलग्न असलेलं खासगी कॉलेज. बाबा म्हणतात, पदवी तीच मिळणार तर एवढ्या लांब कशाला? मॉल-सिनेमाचं मला काही नाही, पण क्लास, नेट आणि एकटेपणा यांची भीती वाटते. वर कोणतं नाव टाकू?
— एक वाचक, डोंबिवली

(पत्राच्या मागच्या बाजूला आईंनी लिहिलं आहे : 'रात्री-अपरात्री मुलगी आजारी पडली तर आम्ही पोहोचणार कधी?')

उत्तर : दापोली वर टाक.

बाबांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. दोन्हीकडच्या पदवीवर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचंच नाव येईल, अभ्यासक्रमही तोच असेल. फरक पडतो तो प्रक्षेत्रावर, म्हणजे कॉलेजच्या शेतावर. हे विद्यापीठ 1972 सालचं, पण दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, 1965 चं. भाताची खाचरं, आंबा-काजूच्या बागा, रोपवाटिका आणि त्यांत रोज काम करणारी माणसं तिथे वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रोज तीन तास प्रवास करणारी मुलगी प्रात्यक्षिक संपलं की घड्याळ बघते. तिथे राहणारी मुलगी संध्याकाळी परत जाऊन आपण केलेलं कलम फुटलं का ते बघून येते.

कलमाचंच सांगते. पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या कोयी रुजत घालतात. कोंब वर येतो तेव्हा तांबूस, लुसलुशीत असतो. पानं हिरवी व्हायच्या आत, साधारण पंधरवड्याचा असतानाच, तो छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. चाकू एका दमात फिरला पाहिजे. काप खडबडीत झाला तर साल सालीला नीट भिडत नाही आणि काडी वाळून जाते. हे कोय कलम कोकणात साधतं ते जुलै-ऑगस्टच्या दमट हवेमुळे. ज्या पावसाला बाहेरची माणसं घाबरतात, तोच इथे कलमाला जगवतो. हात बसायला अशी शेकड्यांनी कलमं बांधावी लागतात, आणि त्यासाठी त्या दिवसांत तिथे असावं लागतं.

तुझ्या आजोबांची जमीन वरकस आहे, म्हणून तर मी इतक्या ठामपणे सांगते आहे. जांभ्याची उताराची जमीन, धो धो पाऊस आणि दिवाळीनंतर पाण्याचा ठणठणाट, या परिस्थितीवरच या विद्यापीठाचं सगळं काम उभं आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती, रत्ना आणि सिंधू हे आंबे, कोकण अमृता हे कोकम, सगळं याच विद्यापीठाचं. तुझ्या डोक्यात द्राक्षं किंवा ऊस असता तर मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं नाव घेतलं असतं.

शेवटच्या वर्षी गावात राहून काम करायचं असतं, ज्याला सगळे 'रावे' म्हणतात. कृषिकन्या म्हणून तू ज्या गावात जाशील तिथे निम्म्या घरांना कुलपं दिसतील, माणसं मुंबईला आणि शेती बायकांच्या अंगावर. डोंबिवलीत राहून सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरातली तू, तुला हे दुसऱ्या बाजूने बघायला मिळेल. माझ्या मते चार वर्षांतला सगळ्यात मोलाचा काळ तो.

क्लासचं फार मनावर घेऊ नकोस. एमपीएससीची कृषी सेवा असो, बँकांची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा असो, की पदव्युत्तरसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर), पाया तुझ्याच पुस्तकांचा असतो. ती नीट वाचलीस तर शेवटच्या वर्षानंतर थोडे महिने पुण्यात काढले तरी चालतं. नेट आणि वीज मात्र पावसात खरोखर दगा देतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. लागणारं सगळं आधीच उतरवून ठेवायची सवय लाव आणि ग्रंथालयात बस.

एकटेपणाबद्दल तुला खोटा धीर देणार नाही. मी मंगळवेढ्याची. आमच्याकडे वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या घरात, दापोलीला 3500 च्या आसपास. दापोलीला शिकायला गेले तेव्हा पहिल्या पावसाळ्यात कपडे वाळेनात, चामड्याच्या चपलांना बुरशी आली, आणि रविवारची दुपार खायला उठायची. शेजारच्या खोलीतली परभणीची मुलगीही तशीच खिडकीत बसलेली असायची. एका रविवारी आम्ही दोघी एसटीने हर्णैला गेलो, बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. कोळणी बोली कशी लावतात, कोणती टोपली कुणाला का देत नाहीत, हे बघता बघता अंधार पडला. त्यानंतर आम्ही रविवारी खोलीत बसायचं सोडलं. आजही तिच्याशी माझं दर आठवड्याला बोलणं होतं. तू मात्र सुरुवातीला दर शनिवारी घरी पळू नकोस. अशाने ना इथली राहशील, ना तिथली. गणपतीला मात्र घरी जा, पण तिकिटाचं आधीच बघ. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात.

फॉर्मबद्दल एक. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सहसा पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून माहितीपत्रक वाचूनच क्रम लाव. आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असून तू ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात येत असशील, तर 2024-25 पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

आता आईंसाठी. वहिनी, तुमचा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. दिव्याहून सावंतवाडी गाडीने खेड, तिथून एसटीने तासभर, म्हणजे दारापासून दारापर्यंत सहा-सात तास धरा. त्यामुळे अचानक काही झालं तर पहिली मदत तिथूनच मिळायला हवी. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या आजारासाठी चिपळूण तालुक्यात डेरवणला मोठं रुग्णालय आहे. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. फॉर्म भरायच्या आधी मुलीला घेऊन स्वतः जाऊन या, तेही कामाच्या दिवशी. रेक्टर मॅडमना विचारा, रात्री मुलगी आजारी पडली तर गाडी कोण काढतं, सोबत कोण जातं, घरी फोन कोण करतं. मग हेच प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मेसमध्ये गाठून, मॅडम समोर नसताना विचारा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर निर्धास्तपणे पाठवा. उत्तरं जुळली नाहीत, तर मला पुन्हा लिहा, आपण क्रमाचा नव्याने विचार करू.