आभाळ भरून आलं की छाती धडधडते

*ताई, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात छातीपर्यंत आलं. सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन मी वरच्या शेजाऱ्यांकडे गेले. दोन रात्री तिथेच, वीज नाही, खाली पाण्यात मगर दिसल्याची ओरड. आता ढग आले की छाती धडधडते, रात्री तीन-तीनदा उठून मोबाइलवर नदीची पातळी बघते, मुलावर खेकसते, मग स्वतःचीच लाज वाटते. सासूबाई म्हणतात, "आम्ही २०१९ चा पूरही पाहिला, त्यात काय एवढं?" मी इतकी भित्री कशी झाले? पूर्वी पाऊस आवडायचा. पुन्हा आवडेल का?*
*– एक वाचक, बडोदे*

अगं, भित्री बाई पोराला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून जिना गाठत नाही.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की तो छाती धडधडवतो, झोप उडवतो. त्या रात्री त्याने तुम्हा दोघांना वाचवायला मदत केली. पण त्याला कॅलेंडर कळत नाही. गडगडाट झाला, ओल्या भिंतीचा वास आला, की त्याच्या लेखी तीच रात्र. सासूबाईंचं म्हणशील तर त्यांचा २०१९ त्यांचा. तेव्हा त्यांच्या खांद्यावर लेकरू होतं का?

तुझ्या पत्रातलं मला खटकलं ते वेगळंच. आधीच घाबरलेल्या जिवाला तू वर झापतेस. स्वतःची खरडपट्टीही शरीराला हल्ल्यासारखीच वाटते, आणि धडधड आणखी वाढते.

'स्वतःशी मायेने वागा' हे मलाही पूर्वी गुळचट वाटायचं. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये केलेली मांडणी मात्र कामाची आहे. दुखतंय हे आहे तसं बघायचं, असं दुखणारे आपण एकटेच नाही हे ध्यानात ठेवायचं, आणि मैत्रिणीशी बोलू तसं स्वतःशी बोलायचं. बडोद्यातच समा, फतेहगंज, मुजमहुडा, कुठे कुठे तुझ्यासारख्या बायका पातळी बघत जाग्या असतील!

पुढच्या वेळी ढग आले की डोळे उघडे ठेव (मिटले की काहींना जास्त भीती वाटते). पाय फरशीवर टेकव, फरशी कोरडी आहे ते बघ. हात छातीवर ठेव आणि श्वास घेतलास त्याहून सावकाश सोड. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. मग लहानपणी घरात तुला कोणी जवळ घेऊन जे म्हणायचं, तेच म्हण. "घाबरलीस होय? मी आहे ना." पहिल्यांदा हसू येईल, किंवा रडू. येऊ दे.

पातळी बघणं एकदम बंद करू नकोस, ते जमणार नाही. सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघ. धोक्याची पातळी २६ फूट आहे; पाणी त्याच्या बरंच खाली असेल आणि प्रशासनाचा इशारा नसेल, तर फोन दुसऱ्या खोलीत. कागदपत्रांची पिशवी जूनमध्येच माळ्यावर ठेव. ती काळजी शहाणपणाची आहे, तिची लाज कशाला?

मुलावर ओरडलीस तर नंतर सांग, "मी पावसाला घाबरले होते, तुझं काही चुकलं नव्हतं." नवऱ्याला समजावत बसू नकोस; "ढग आले की दहा मिनिटं माझ्या शेजारी बस," एवढंच माग.

पण दोन पावसाळे झोप उडालेली आहे, त्यामुळे हे एकटीने ओढू नकोस. १४४१६ ही सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन दिवसरात्र, मोफत चालते. सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. आघातावरचे खास मानसोपचार असतात, त्याबद्दल तिथे स्पष्ट विचार.

पाऊस पुन्हा आवडेल का, हे मला सांगता येणार नाही. नाही आवडला तरी चालेल. या वर्षी सरी चालू असताना खिडकीशी चहाचा एक कप पूर्ण संपवता आला, तर मला कळव.