18,100 कोटींत आमचे किती?

प्रश्न : मी वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये ई-स्कूटरचे लिथियम पॅक बनवतो. दोन वर्षं झाली, तीन पोरं कामाला आहेत, महिन्याला 70 एक पॅक जातात, उद्यम नोंदणी आहे, जीएसटी आहे. व्हॉट्सॲपवर सारखं येतं की सरकारने बॅटरीवाल्यांसाठी 18,100 कोटी काढलेत. एक एजंट म्हणतो 40 हजार द्या, फाइल टाकतो, अनुदान नक्की. देऊ का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, आधी ते 40 हजार खिशातच ठेवा. आकडा खरा आहे, मे 2021 मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएलआय योजना ती (देशात माल बनवून विकला की त्यावर प्रोत्साहनाची रक्कम), पण ती सेल बनवणाऱ्यांची आहे, पॅकवाल्यांची नाही. तुम्ही काय करता, तयार सेल आणता, ग्रेडिंग करता, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने मारता, बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, बसवता, टेस्ट करून देता. ते काम सोपं आहे असं मी म्हणत नाहीये, पण सरकारला तिथे हवाय तो सेल, म्हणजे आतली केमिस्ट्रीच इथे घडवणारा कारखाना, आणि तोही वर्षाला किमान 5 गिगावॅट तासांचे (म्हणजे 50 लाख किलोवॅट तासांचे) सेल काढणारा, दर गिगावॅट तासामागे निदान 225 कोटी गुंतवायची तयारी असलेला. तुमचा पॅक 2 किलोवॅट तासांचा धरला तर आजच्या वेगाने 5 गिगावॅट तास भरायला तुम्हाला 3,000 वर्षं लागतील! म्हणून 2022 मध्ये करार झाले ते रिलायन्स, ओला आणि राजेश एक्सपोर्ट्स यांच्याशी. आणि त्यांनाही पैसे आधी हातात मिळत नाहीत बरं का, सेल विकला की मग, शिवाय 2 वर्षांत 25 टक्के आणि 5 वर्षांत 60 टक्के मूल्य देशातच तयार झालं पाहिजे ही अट.

मग तुमच्यासाठी काय? पीएमईजीपीचं, म्हणजे नवा धंदा काढायला बँक कर्जासोबत केंद्र देतं ते अनुदान नाही, कारण ते नव्या युनिटसाठी असतं, तुमच्यासारख्या आधीच चालू धंद्याला नाही. (एजंट बहुतेक हेच सुचवेल, जुनं शेड नवं दाखवू. नका करू, पडताळणीला माणूस येतो.) तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे सीजीटीएमएसई, लहान उद्योगांसाठीची कर्जहमी योजना. ते अनुदान नव्हे, तारण न देता बँकेचं कर्ज मिळावं म्हणून दिलेली हमी आहे, फी लागते, हप्ता पूर्ण तुमचाच. पण सेलचा स्टॉक उचलायला खेळतं भांडवल लागतं ना, तिथे घर गहाण टाकायची वेळ येत नाही. मॅनेजर टाळाटाळ करतात हे मलाही ठाऊक आहे, दोन-तीन बँका फिरा.

प्रश्न : माझं डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स झालंय, गावातच पॅक असेंब्ली सुरू करायचीय, खर्च 20 लाखांच्या आसपास येतोय. आधी कुठलीच योजना घेतलेली नाही.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं गणित वेगळं आणि बरंच बरं. पीएमईजीपीत उत्पादनाचा प्रकल्प 50 लाखांपर्यंत चालतो, ग्रामीण भाग आणि महिला म्हणून 35 टक्के अनुदान, स्वतःचे फक्त 5 टक्के. म्हणजे 20 लाखांत 1 लाख तुमचा, 19 लाख बँकेचं कर्ज आणि त्या 19 मधले 7 लाख पुढे अनुदानातून फिटणार. पण हे 7 लाख तुमच्या खात्यात खर्चायला येत नाहीत, बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून पडून राहतात, युनिट खरंच चालू आहे असं दिसलं की मग कर्जात वळते होतात. तोवर तेवढ्या रकमेवर व्याज नाही, हे मात्र बँकेला आठवण करून द्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन, फी नाही, काही अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. घरात नवऱ्याने आधी घेतलं असेल तर तुम्हाला मिळणार नाही, कुटुंबात एकच.

अजून एक, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सगळे वेल्डर, ग्रेडिंग मशीन लिहितात आणि टेस्टिंगचा खर्च विसरतात. ई-स्कूटरला पॅक द्यायचा तर एआयएस-156 या बॅटरी सुरक्षेच्या मानकाची चाचणी पास व्हावी लागते, गाड्यांना आगी लागल्यावर डिसेंबर 2022 पासून ती आणखी कडक झालीय, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत ती करून मिळते. तिथलं कोटेशन आधी मागवा आणि रिपोर्टला जोडूनच बँकेत जा.