स्वच्छ ऊर्जेचा कायदा आणि आपली हरकत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्वच्छ ऊर्जा आणि हवामानबदल यांविषयी कडक कायदे व्हावेत म्हणून आपापल्या गावात, सोसायटीत किंवा महाविद्यालयात धडपडणाऱ्या वाचकांची पत्रे सातत्याने येतात. त्यांतला गोंधळ मात्र बहुतेक वेळा तोच असतो. वीजदर आणि विजेचे नियम ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढील विषयाचे निवेदन पंतप्रधानांना जाते, संसदेच्या विषयाचे तहसीलदारांना, आणि नियमांच्या मसुद्यावर हरकत घेण्याची मुदत उलटून गेल्यावर मोर्चा निघतो. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत सोलर बसवणाऱ्या एका ठेकेदाराने नेट मीटरिंगविषयीचे (म्हणजे छतावर तयार झालेली वीज बिलातील वापरातून वजा करण्याच्या पद्धतीविषयीचे) छापील हरकतपत्र वाटले आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. ‘नवा नियम येतोय, महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम भरा, नाहीतर योजना बंद होईल,’ असेही तो सांगतो. सह्या कराव्यात का? (सोसायटीचे सचिव, पुणे)

सही करण्यापूर्वी मसुदा वाचावा आणि आगाऊ रक्कम तूर्त भरू नये. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून एकाच दिवशी आल्या, एवढ्यावरूनच सावध व्हायला हवे होते. ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉट आणि त्याहून मोठ्या घरगुती संचाला कमाल 78,000 रुपये अनुदान आहे. योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली आणि तिच्या अटी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ठेकेदाराच्या तोंडून त्या ऐकण्याची गरज नाही. तो तुमच्या बाजूने बोलत असेलही, परंतु त्याचा धंदा संच विकण्याचा आहे आणि तुमची चिंता पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या बिलाची आहे, त्यामुळे दोघांचे हित प्रत्येक कलमात जुळेलच असे नाही.

हरकत मात्र जरूर नोंदवावी, कारण तिचा उपयोग होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 2019 मध्ये छतावरील सौरऊर्जेच्या विनियमांचा मसुदा काढला. महिन्याला 300 युनिटांपर्यंतच्या वापरापुरतेच नेट मीटरिंग ठेवावे, असे त्यात सुचवले होते. त्यावर ग्राहकांनी, संस्थांनी आणि उद्योगांनी मोठ्या संख्येने लेखी हरकती घेतल्या. 30 डिसेंबर 2019 रोजी अंतिम विनियम आले, तेव्हा ती मर्यादा गळाली होती आणि नेट मीटरिंगचा पर्याय कायम राहिला होता.

एकाच मजकुराच्या पाचशे सह्यांपेक्षा वेगवेगळ्या पाच कुटुंबांनी स्वतःची बिले जोडून लिहिलेल्या पाच हरकती अधिक वजनदार ठरतात. सर्व छापील पत्रांना आदेशात एकाच परिच्छेदात उत्तर देता येते, बिलाचे आकडे असलेल्या हरकतीला तसे देता येत नाही. हरकत लिहिताना मसुद्यातील कलमाचा क्रमांक द्यावा, तेथील मूळ शब्द उतरवावेत, त्याऐवजी कोणते शब्द हवेत ते लिहावे आणि मग कारण द्यावे. उदाहरणार्थ, दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होऊ नये असे कलम असेल, तर ‘हे अन्यायकारक आहे’ एवढे लिहून थांबू नये. आपल्या घरी दिवसा कोणी नसते, वापर संध्याकाळी सातनंतर होतो, मे महिन्यात छतावर इतकी युनिटे तयार झाली आणि नव्या हिशोबाने बिल इतक्या रुपयांनी वाढेल, असे मांडावे. संचाच्या क्षमतेविषयी आणि करारातील अटींविषयी मात्र स्वतंत्र विद्युत अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तो अभियंता ठेकेदाराने आणलेला नसावा.

प्रश्न: हरकत इंग्रजीतच लिहावी लागते का? (गृहिणी, सातारा)

नाही, मराठीत लिहावी.

प्रश्न: आमचा गट नोंदणीकृत नाही. आम्हाला हरकत घेता येईल का? (युवक मंडळ, अहिल्यानगर)

येईल, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने पाठवावी. गटाच्या नावाने वर्गणी किंवा देणगी गोळा करण्याचा विचार असेल, तर मात्र आधी सनदी लेखापालाला भेटा.

प्रश्न: देशाची निम्मी वीज आता स्वच्छ झाली आहे आणि 2030 साठी 500 गिगावॉट स्वच्छ वीजक्षमतेचे लक्ष्यही ठरले आहे. मग वेगळ्या कडक कायद्यासाठी आग्रह धरण्याची गरज काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

समाजमाध्यमांवर फिरणारे हे वाक्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जसेच्या तसे लिहून पाठवावे, याचे वाईट वाटते. 2025 च्या मध्यास जी निम्म्यावर गेली, ती स्थापित क्षमता, म्हणजे उभारलेले प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात तो आकडा. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सुमारे सत्तर टक्के वाटा कोळशाचा आहे. छतावरचा एक किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. तेवढ्याच क्षमतेचे औष्णिक केंद्र पूर्ण भाराने चालले, तर चोवीस युनिटे देते. क्षमतेची आणि उत्पादनाची टक्केवारी एकच समजली, की अर्धे काम झाल्याचा भ्रम होतो आणि कायद्याची मागणी करणारेच सर्वांत आधी स्वस्थ बसतात.

आता लक्ष्याविषयी. 500 गिगावॉटची घोषणा 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत झाली. ती महत्त्वाची आहे, पण ती घोषणा आहे. ते लक्ष्य हुकले म्हणून कोणत्याही वीज कंपनीला नोटीस निघणार नाही. कायदा कडक आहे की नाही, हे ओळखण्यासाठी मी मसुद्यात पाच गोष्टी शोधतो. आकडा दिला आहे का, त्याला वर्ष जोडले आहे का, तो पाळण्याची जबाबदारी कोणावर आहे, न पाळल्यास काय होईल आणि तो पाळला की नाही याचा हिशोब लोकांसमोर कधी येईल? पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे बऱ्यापैकी असतात. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 86(1)(ई)नुसार राज्य आयोग वितरण कंपन्यांवर नवीकरणीय वीज घेण्याचे बंधन घालतो. ऊर्जा संवर्धन कायद्याखालील 2023 च्या केंद्रीय अधिसूचनेने हे प्रमाण 2024-25 साठी 29.91 टक्के आणि 2029-30 साठी 43.33 टक्के ठरवले. आकडा आहे, वर्ष आहे, जबाबदार कोण तेही ठरले आहे आणि दंडाची तरतूदही आहे.

घोडे अडते ते पुढे. लक्ष्य हुकले की वितरण कंपनी मुदतवाढ मागते, तूट पुढच्या वर्षावर ढकलण्याची विनंती करते, आणि असे आदेश देशातील अनेक राज्यांत वर्षानुवर्षे निघाले आहेत. पुढे ढकललेली तूट साठत जाते आणि दरम्यान कोळशाच्या विजेचे दीर्घ मुदतीचे करार होऊन बसतात. ते पंचवीस वर्षे हलत नाहीत, आणि त्यांचा स्थिर आकार (ठरावीक शुल्क) वीज घेतली नाही तरी ग्राहकाच्या बिलात येतो. ही तूट पुढे ढकलण्याची याचिका आयोगापुढे येते, तेव्हा सभागृहात कंपनीचे वकील असतात, दोन-चार नेहमीचे ग्राहक प्रतिनिधी असतात आणि हवामानाविषयी तळमळीने फलक रंगवणारे क्वचितच असतात. ते का नसतात, याचे पटणारे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही. तुमच्या महाविद्यालयातील चार जणांनी अशा एका याचिकेतील तक्ते नीट वाचले आणि ‘तूट पुढे ढकलू नये, ढकलायचीच असेल तर वर्षवार भरपाईचे वेळापत्रक आदेशातच घालावे’ एवढी एकच मागणी पुराव्यानिशी लावून धरली, तरी ते मोठे काम होईल. आकडेमोड पाठवण्यापूर्वी ती ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास असलेल्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या. एक आकडा चुकला, की समोरचा वकील बाकीचे दहाही बाजूला ठेवतो.

प्रश्न: हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केला आहे. मग कायदा कशाला? सरळ याचिका का करू नये? (निवृत्त प्राचार्य, सोलापूर)

तुमच्या जिल्ह्यातील नान्नज अभयारण्याला परिचित असलेल्या माळढोक पक्ष्यामुळेच हा निकाल आला, तेव्हा थोडे विस्ताराने सांगतो. राजस्थान आणि गुजरातमधील वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात, म्हणून त्या वाहिन्या भूमिगत कराव्यात, असे न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले होते. सौर आणि पवन प्रकल्पांच्या दृष्टीने ते अशक्य असल्याचे सरकारने म्हटल्यावर, 21 मार्च 2024 च्या निकालात तो सरसकट आदेश बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. त्याच निकालात, संविधानाच्या अनुच्छेद 14 आणि 21 मधून हा हक्क निघतो, असे न्यायालयाने म्हटले. देशात हवामानबदलाविषयी एकछत्री कायदा नाही, याचीही नोंद त्यात आहे. म्हणजे हक्क मान्य झाला, पण कोणी, किती आणि कधीपर्यंत करायचे हे अजून कायद्यात लिहिलेले नाही. ते काम विधिमंडळाचे आणि संसदेचे आहे. याचिका करायचीच असेल, तर पर्यावरण कायद्याच्या वकिलाशी बोला. घाईने केलेली याचिका फेटाळली गेली, तर तो निकाल पुढच्यांच्या वाटेत येतो.

प्रश्न: आमच्या खासदारांना खासगी विधेयक मांडण्याची विनंती करावी का? सामान्य नागरिकांच्या पत्रांनी कायदे होतात का? (ग्राहक कार्यकर्ती, कोल्हापूर)

विनंती करावी, मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या अशा विधेयकावर चर्चा होते. मात्र स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयके कायदा होऊ शकली आणि त्यांतले शेवटचे 1970 मध्ये मंजूर झाले, हे ठाऊक असू द्यावे.

पत्रांनी कायदे होतात का? ब्रिटनमध्ये झाला. तेथे 2005 पासून ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेच्या पुढाकाराने नागरिकांनी आपापल्या खासदाराला गाठून एकच नेमकी मागणी लावून धरली: उत्सर्जन दरवर्षी घटवण्याचे कायदेशीर बंधन. चारशेहून अधिक खासदारांनी त्या ठरावावर सह्या केल्या आणि 2008 मध्ये हवामानबदल कायदा झाला. वार्षिक बंधनाऐवजी पाच-पाच वर्षांचे कार्बन अंदाजपत्रक, म्हणजे त्या काळातील उत्सर्जनाची कमाल मर्यादा, आणि त्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र समिती असे त्याचे स्वरूप ठरले.

आपल्याकडे विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे जाते, तेव्हा समिती अनेकदा जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवते. त्याआधी, 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मंत्रालयाने मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, अशी अपेक्षा आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे ते अनेकदा धाब्यावर बसवले जाते. ते कायद्याने बंधनकारक करावे, ही मागणी खासदारांकडे आधी करा.

प्रश्न: गावाच्या गायरानावर कृषी वाहिनीसाठी सौर प्रकल्प येतो आहे. आम्हाला दिवसा वीज हवी आहे, पण जनावरे कुठे चारायची? विरोध केला तर आम्हाला सौरऊर्जेचे विरोधक म्हणतात. (शेतकरी, लातूर)

म्हणू द्या. जागेविषयी प्रश्न विचारणे म्हणजे सौरऊर्जेला विरोध नव्हे, आणि ज्या कायद्यात चराईचा विचार नाही तो गावात टिकत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू चांगला आहे. उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून कृषिपंपांना दिवसा वीज मिळाली, तर रात्री साप-विंचवाच्या भीतीने पाण्यावर जाणे थांबेल. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गायरानाच्या वापरबदलावर निर्बंध आहेत आणि गावाच्या सामाईक जमिनी राखण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकालही आहे. सातबारा, गटाचा नकाशा आणि गावातील पशुधनाची नोंद आधी मिळवा. दुसरी शासकीय पडीक जमीन असेल, तर तिचा गट क्रमांक देऊन पर्याय सुचवा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ठराव स्पष्ट शब्दांत लिहून घ्या आणि इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागा. ‘ठराव झाला’ असे सरपंचांनी तोंडी सांगणे पुरेसे नाही. आपली कागदपत्रे महसुली कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला दाखवल्याशिवाय कोठेही संमतीची सही करू नये.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. हरकत नोंदवली तर कारवाई होईल का? (नाशिक)

वीजग्राहक म्हणून, स्वतःच्या बिलाविषयी, आयोगाने मागवलेली हरकत देण्यात मला काही गैर दिसत नाही. मोर्चा, पत्रक किंवा वृत्तपत्रातील लेख यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आस्थापना विभागाला आधी लेखी विचारा.

प्रश्न: मी गोव्यातून महाराष्ट्र आयोगाकडे हरकत पाठवली होती. उत्तर आले नाही. (म्हापसा)

येणारही नाही. गोव्याचे वीजदर आणि विनियम संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे. त्या आयोगाच्या संकेतस्थळावरील जाहीर सूचना पाहा.

प्रश्न: वीजदराच्या याचिकेवरील हरकतीची मुदत मागच्या आठवड्यात संपली. आता काय करता येईल? (लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

विद्युत अधिनियमाच्या कलम 64(3)प्रमाणे आयोगाने लोकांच्या सर्व सूचना आणि हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश काढायचा असतो. त्यामुळे मुदतीत आलेल्या हरकतीला कायद्याचा आधार आहे, उशिरा आलेल्या हरकतीला आयोगाच्या मर्जीचा. तरीही विलंबाचे कारण देऊन आजच पाठवा आणि जाहीर सुनावणीला स्वतः हजर राहून बोलण्याची परवानगी मागा; काही वेळा ती मिळते. आदेश विरोधात गेला, तर विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास 45 दिवस असतात. त्यासाठी वकील लागेल आणि खर्चही येईल, तेव्हा तुमच्या औद्योगिक संघटनेची बैठक आदेश येण्यापूर्वीच बोलवा.