प्रश्न वाचकांचे : कोनफळ, पाऊस आणि तापमान

या वेळी कोनफळ, कणगर, करांदा या वेलवर्गीय कंदांवर आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. सुरण वेगळ्या कुळातला, त्यामुळे इथले आकडे त्याला लावू नयेत.

प्रश्न : या पिकाला हंगामात १,००० ते १,५०० मि.मी. पाऊस पुरतो असे वाचले होते. आमच्याकडे १,२०० मि.मी. पडला, तरी कंद निम्म्याच वजनाचे निघाले. असे का?

उत्तर : बेरीज बरोबर आहे, पण वेल बेरजेवर पोसत नाही. तुमच्या पत्रात आठवडेवार नोंद नाही, ती आधी तयार करा. कोंब मातीबाहेर आला त्या दिवसापासून आठवडे मोजा आणि प्रत्येकासमोर पाऊस लिहा. लागवडीच्या तारखेपासून मोजू नका, कारण बेणे कित्येक आठवडे मातीत नुसते पडून राहते.

उगवल्यानंतरचे पहिले काही आठवडे वेल बेण्यातल्या साठ्यावर जगतो आणि थोडा ताण सहज सोसतो. मग साठा संपत येतो, पाने झपाट्याने पसरत असतात आणि खाली कंद धरू लागलेला असतो. साधारण १४व्या ते २०व्या आठवड्यापर्यंतचा हा काळ पाण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. यात खंड पडला तर पानांचा पसारा अपुरा राहतो. नंतर भरपूर पाऊस झाला तरी तेवढ्या पानांनी भरलेला कंद लहानच राहणार. तुमची तूट बहुधा याच आठवड्यांत सापडेल.

खंड किती दिवसांचा झाला की चिंता करायची? या पिकाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या ३० सें.मी. थरात असतात. वाळूमिश्रित पोयट्याच्या जमिनीत एवढ्या थरात पिकाला घेता येईल असे पाणी सुमारे ३५ ते ४० मि.मी. मावते. पाने पूर्ण पसरलेला वेल उबदार, कोरड्या हवेत दिवसाला ४ ते ५ मि.मी. पाणी उडवतो. म्हणजे चार-पाच दिवसांत निम्मे पाणी संपते आणि त्यापुढे ताण बसू लागतो. पाने माना टाकेपर्यंत थांबू नका, तोवर वाढ अडलेली असते.

द्यायचे पाणी काढणे सोपे आहे. १ मि.मी. म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. वेल १ मीटर बाय १ मीटरवर असतील, तर पाच दिवसांच्या उघडिपीनंतर वेलामागे २० ते २५ लिटर पाणी द्यावे. हलक्या जमिनीत ते दोनदा विभागून द्या.

आणि एका दिवसात १०० मि.मी. कोसळला, तर? थरात मावते ४०. उरलेले वाहून जाते किंवा नत्र घेऊन खाली झिरपते, पर्जन्यमापकात मात्र पूर्ण १०० दिसतात. तुमच्या १,२००मधले असे किती दिवस होते, तेही पाहा. पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही आणि कंद टोकाकडून कुजू लागतो. म्हणून लागवड ३० ते ४५ सें.मी. उंचीच्या वरंब्यावर किंवा मातीच्या ढिगावर करावी आणि मुसळधार पावसाने उघडा पडलेला कंद लगेच मातीने झाकावा.

प्रश्न : पावसाआधी लावले तर बेणे सुकते, पाऊस स्थिरावल्यावर लावले तर उत्पादन घटते. मग लावायचे कधी?

उत्तर : पावसाआधी, पण झाकून. पिकाला शेतात आठ ते दहा महिने लागतात, त्यामुळे सुरुवातीला गेलेला महिना शेवटी कंद पोसण्याच्या काळातून वजा होतो. कोंब फुटायला मातीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस चांगले. २०च्या खाली उगवण रेंगाळते. उघड्या ढिगाची वरची माती उन्हात याहून खूप जास्त तापते आणि कोवळा कोंब तिथेच करपतो.

बेण्याचे तुकडे २०० ते ३०० ग्रॅमचे, प्रत्येकावर साल असलेले घ्या. काप राखेत बुडवून सावलीत सुकवा, ओला काप मातीत गेला की कुजलाच. १० ते १५ सें.मी. खोल लावून ढिगाच्या माथ्यावर वाळलेले गवत किंवा पाला जाडसर पसरा. पश्चिम आफ्रिकेत, जिथे जगातले बहुतेक पीक निघते, ढिगावर गवताची टोपी घालून वर मातीचे ढेकूळ ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे.

प्रश्न : वेल मांडवभर पसरला आहे, पण उकरून पाहिले तर कंद बोटाएवढा. खत वाढवावे का?

उत्तर : नाही, आणि उकरूही नका, मुळे तुटतात. दिवस मोठा असतो तोवर वेलाचा कल पानांकडे असतो. दिवस लहान होऊ लागले की तो कंदाकडे वळतो. या काळात जादा नत्र दिले तर पाला आणखी वाढेल, इतकेच. ढगाळ, दमट हवामानात मात्र आधार दोन ते तीन मीटर उंच असावा, म्हणजे पाने एकमेकांच्या सावलीत राहत नाहीत.

प्रश्न : सलग पाऊस लागला की पानांवर काळे डाग पडून वेल वाळतो.

उत्तर : हा करपा. कोनफळावर तो विशेष जोरात येतो. बुरशीचे बीजाणू पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतात आणि पान तासन्‌तास ओले राहिले की रुजतात. कंद धरण्याआधी पाने गेली तर नुकसान फार मोठे. पीक पक्व होताना आला तर थोडे. त्यामुळे शिफारस असलेले बुरशीनाशक, चिकट द्रव्य मिसळून, झडीच्या आधीच्या उघडिपीत फवारा. झडीनंतरची फवारणी बहुतेक वाया जाते. जमिनीजवळची रोगट पाने काढून जाळा आणि या शेतातले बेणे पुढे वापरू नका.

प्रश्न : थंडी सुरू होताच पाने पिवळी पडली. काढणी करावी की थांबावे? कंद थंड जागी ठेवले तर टिकतील का?

उत्तर : वेल आठ महिन्यांचा असेल आणि पाने खालपासून वरपर्यंत वाळत असतील, तर पीक पक्व झाले आहे. काढा. सहाव्या महिन्यातच तापमान २० अंशांखाली गेल्यामुळे पाने पिवळी पडली असतील, तर वाढ मंदावलेली असते. हवा पुन्हा उबदार होणार असेल तर थांबा. दव गोठून पाने काळी पडली असतील, तर थांबून उपयोग नाही.

काढणीत साल खरचटतेच. जखमा भरण्यासाठी कंद चार ते सात दिवस सुमारे ३० अंश तापमानाच्या दमट, हवेशीर सावलीत ठेवा. मग १५-१६ अंशांवर ते चांगले टिकतात आणि कोंबही उशिरा फुटतात. १२ अंशांखाली मात्र नेऊ नका. फ्रिजमधला कंद आतून तपकिरी पडतो, पण बाहेरून काही दिवस धडधाकट दिसतो आणि बाहेर काढल्यावर झपाट्याने सडतो.