दुबईहून आलेल्या पीएस५वर वडिलांच्या सगळ्या डिस्क चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गोव्यात फोंड्याला, भावाने दुबईहून डिस्कवाला पीएस५ (प्लेस्टेशन ५, सोनीचा गेम कन्सोल) आणलाय, वडिलांच्या कपाटात शंभरेक डिस्क आहेत, त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडलाय. कन्सोलच होम थिएटरला जोडला तर भागेल, की वेगळा प्लेअर घ्यावा?

भागेल, पण अर्ध्याच कपाटापुरतं. मी म्हापशाचा. बारा-तेरा वर्षं झाली, आमच्या घरी वेगळा डिस्क प्लेअर नाही, सगळे सिनेमे कन्सोलवरच बघतो. चवथीला घर भरलं की हा प्रश्न कुणीतरी काढतंच, आणि बोलणं लगेच कन्सोलच्या मॉडेलवर जातं. तुम्ही मात्र आधी कपाट उघडा आणि डिस्क जमिनीवर मांडून वेगवेगळे ढीग करा. काय घ्यायचं, काय नाही, ते त्या ढिगांवरून कळेल.

पहिला ढीग व्हीसीडी (सीडीवरचे सिनेमे) आणि गाण्यांच्या सीडींचा. हा पीएस५वर अजिबात चालणार नाही. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क) हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात, पण प्रत्येकीला वाचणारा लेझर वेगळा असतो: सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. जुने प्लेअर सीडीही वाचायचे. सोनीने पीएस४पासून कन्सोलवरची सीडीची सोय काढून टाकली, ती पीएस५मध्येही नाही. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एक्स गाण्यांची सीडी वाजवतो, पण व्हीसीडी त्यालाही जमत नाही.

आपल्याकडे हाच ढीग सगळ्यात मोठा निघतो. २००७च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा घराघरांत मराठी सिनेमे आणि नाटकं शिरली. त्यात आपल्याकडे तियात्रांच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, व्हीसीडी वेगळ्या. वडिलांच्या कपाटात दोन-दोन डिस्कच्या प्लास्टिकच्या डब्या असतील त्या बहुधा याच. एका व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून तीन अंकी नाटक एका डिस्कवर कधीच बसत नसे.

या डिस्कसाठी नवा प्लेअर शोधत फिरू नका. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. व्हीसीडी घातली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डॅट या शेपटाची एक मोठी फाइल असते. सिनेमा तोच. व्हीसीडीला कुलूप नसतं, फाइल सरळ कॉपी होते, व्हीएलसी या प्लेअर प्रोग्रॅममध्ये लागते, आणि हँडब्रेक या प्रोग्रॅमने एमपी४ करून पेन ड्राइव्हवर टाकली तर टीव्हीच्या यूएसबीतून थेट बघता येते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आहे, ५५ इंची टीव्हीवर ते अंधुकच दिसणार. माझ्या आईला त्याने काही फरक पडत नाही. तिला नाटकातल्या नटांचे आवाज ऐकायचे असतात, आणि ते व्यवस्थित येतात.

दुसरा ढीग विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रेंचा. इथे दुबईचा मुद्दा येतो, आणि तुमच्या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे. डीव्हीडीच्या दुनियेत जगाचे प्रदेश पाडलेत: भारत ५, आखात आणि युरोप २. ब्लू-रेमध्ये भारत सी, आखात आणि युरोप बी. कन्सोल ज्या बाजारासाठी बनला त्याचाच प्रदेश त्यात कायमचा बसवलेला असतो. संगणकाच्या ड्राइव्हला प्रदेश पाच वेळा बदलता येतो, कन्सोलला एकदाही नाही. म्हणजे तुमचा पीएस५ दोन आणि बी मानणार. इथल्या दुकानातून घेतलेली हॉलिवूडची डीव्हीडी, जिच्या पाठीवर पृथ्वीच्या गोलात ५ छापलंय, ती तो नाकारील. पोर्तुगाल किंवा इंग्लंडमधल्या नातेवाइकांनी आणलेल्या डीव्हीडी मात्र बिनतक्रार चालतील. माझ्या मावशीकडे याच्या बरोबर उलट झालं: कन्सोल इथला, डिस्क लंडनच्या.

घाबरू नका, मार्ग आहे. हिंदी-मराठी डीव्हीडी पुष्कळदा सर्व प्रदेशांसाठी काढलेल्या असतात, गोलात ‘ऑल’ लिहिलेलं असतं. भारतात आलेल्या बऱ्याच ब्लू-रेंवरही ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतात. ४के ब्लू-रेला (४के टीव्हीसाठीची, आणखी स्पष्ट चित्राची डिस्क) तर प्रदेशाची भानगडच नाही, कुठलीही डिस्क कुठेही चालते. तेव्हा प्रत्येक डबीची पाठ बघून वेगळी काढा. नुसत्या ५वाल्या डीव्हीडी किती उरतात ते मोजा. पाच-दहाच निघाल्या तर त्यांच्यासाठी तोच यूएसबी ड्राइव्ह ५ वर ठेवून डीव्हीडी बघा. पन्नास निघाल्या तर इथलाच साधा डीव्हीडी प्लेअर घेणं शहाणपणाचं. नुसत्या सीवाल्या ब्लू-रे मात्र या दोन्हींवर चालणार नाहीत.

४के डिस्कसाठी तुमचा कन्सोल फार चांगला आहे, हे मी मनापासून सांगतो. एका ४के डिस्कवर १०० जीबीपर्यंत माहिती मावते. तिच्यातून सेकंदाला जितकी माहिती येते त्या मानाने ओटीटीवर सहसा बरीच कमी येते. अंधारी दृश्यं लावून बघा: ओटीटीवर सावलीत पट्टे पडतात, डिस्कवर पडत नाहीत. आवाजातला फरक तर त्याहून मोठा. शिवाय वेगळे प्लेअर बनवणारे एकेक करून बाजूला झाले. ओप्पोने २०१८ साली थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ च्या शेवटी. घरात आलेला कन्सोल हा आज ४के डिस्क वाचणारा सगळ्यात सहज मिळणारा यंत्र आहे. दुसऱ्या कुणाला घ्यायचा असेल तर एवढं सांगा: पीएस४ आणि पीएस४ प्रो ४के डिस्क वाचत नाहीत, एक्सबॉक्स सिरीज एसला आणि पीएस५ डिजिटलला डिस्कची फटच नाही, आणि पीएस५ प्रोचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो.

एक उणीव आहे. डॉल्बी व्हिजन (उजेड-सावली दृश्यागणिक जुळवणारं चित्रतंत्र) असलेली ४के डिस्क लावली तरी पीएस५ ती एचडीआर१० या त्याच्या साध्या प्रकारात दाखवतो. डिस्कवरून डॉल्बी व्हिजन एक्सबॉक्स सिरीज एक्सही देत नाही. तेवढ्यासाठी मी तरी वेगळा प्लेअर घेतला नाही.

जोडणी करताना लोक चुकतात ती आवाजाच्या बाबतीत. पीएस५ला ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या तारेने आवाज बाहेर देणारी जागा) नाही, फक्त एचडीएमआय आहे. वडिलांचा जुना होम थिएटर संच ऑप्टिकलचा असेल तर कन्सोल टीव्हीला आणि टीव्हीचा ऑप्टिकल आउट संचाला, हा सोपा मार्ग. त्यातून जुना डॉल्बी डिजिटल आवाज येईल, चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा नवा अॅटमॉस येणार नाही. साउंडबार किंवा रिसीव्हरला एचडीएमआय इन असेल तर कन्सोलची केबल आधी त्यात घाला, मग तिथून टीव्हीला. टीव्हीमार्गे न्यायचंच असेल तर दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीकडून एचडीएमआयनेच आवाज परत पाठवायची नवी सोय) हवं, जुन्या साध्या आर्कमधून डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी हा पूर्ण दर्जाचा आवाज जात नाही. मग डिस्क चालू असताना कन्ट्रोलरचं ऑप्शन्स बटण दाबा आणि सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार बिटस्ट्रीम (डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणं) करा. हे न करता महिनोन्‌महिने साधा आवाज ऐकणारे लोक मी पाहिलेत. चित्रासाठी दोन गोष्टी: टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं एन्हान्स्ड किंवा डीप कलर सेटिंग चालू करा, नाहीतर एचडीआर येणारच नाही, आणि सिनेमा लावताना टीव्ही गेम मोडवर अडकला नाही ना ते बघा. गेम मोडमध्ये माणसांचे चेहरे निळसर दिसतात, सिनेमा मोडवर आणलं की कातडीला रंग येतो.

वडिलांना कन्ट्रोलर हातात धरून सिनेमा थांबवायला सांगणं कठीण जाईल. पीएस५ला इन्फ्रारेडचा डोळा नाही, जुना रिमोट त्याला कळत नाही. पहिले दोन आठवडे तुम्ही शेजारी बसा.

आता शेवटचा ढीग, घरच्या डिस्क. लग्न, मुंज, बारसं, देवळातल्या उत्सवी नाटकाचं चित्रण. कपाटात सगळ्यात मोलाच्या याच, आणि कन्सोलमध्ये घालायच्या नाहीत त्याही याच. त्यांच्यावर फोटोवाल्याने कागदी स्टिकर चिकटवलेला असतो. पीएस५ला ट्रे नाही, डिस्क फटीतून रबरी रोलर आत ओढून घेतात. आमच्या भाच्याच्या मुंजीची डिस्क जुलै महिन्यात मी माझ्या पहिल्या कन्सोलमध्ये घातली. दमट हवेने स्टिकरचा कोपरा सुटलेला होता, माझ्या ते लक्षात आलं नाही. डिस्क आतच अडकली. यंत्र उघडावं लागलं, आणि बाहेर निघाली तेव्हा डिस्कवर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. मुंजीतली वीस मिनिटं गेली. त्यात माझे आजोबा होते, ते आज नाहीत. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

ड्राइव्ह सुटा न होणारं जुनं पीएस५ मॉडेल असेल तर तो बिघडल्यावर साधा नवा आणून बसवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. त्या मॉडेलचा ड्राइव्ह मूळ बोर्डाशी जोडी लावलेला असतो, जुन्या ड्राइव्हची छोटी सर्किट पट्टी नव्यात घालावी लागते. हँडीकॅमच्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क तर या फटीत कधीच घालू नका.

घरच्या डिस्क त्या यूएसबी ड्राइव्हवर, लॅपटॉपला लावून कॉपी करा, आणि सगळ्यात आधी याच करा. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगाच्या थरात असते, उन्हाने आणि दमटपणाने तो थर फिका पडतो. कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक घरी, एक भावाकडे दुबईला. डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून नव्हे. बुरशीची डिस्क न धुता कन्सोलमध्ये गेली तर ती आतल्या रोलरलाही लागते.

कन्सोल बंद कपाटात ठेवू नका. सोनीने त्यासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगितलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३-३४ ला जाते. वरून पावसाळ्यात वीज ये-जा करते, तेव्हा डिस्क फिरत असताना यूपीएस हवाच.

हे सगळं मे महिन्यात उरका. आणि वडिलांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ते आधी हलवा, पावसाचा मारा त्याच भिंतीवर येतो.